बागेतला ब्लॅकबर्ड : ओळखावा कसा आणि पाहावा कसा

ब्लॅकबर्ड या पक्ष्याचे नाव जितके सोपे आहे, तितकेच ते फसवे आहे. नावाचा सरळ अर्थ ‘काळा पक्षी’ असा होतो. त्यामुळे युरोपातल्या एखाद्या बागेत काळा पक्षी दिसला की तो ब्लॅकबर्डच असणार आणि तपकिरी दिसला तर तो दुसरा कोणीतरी असणार, असे नव्याने पक्षी पाहू लागलेल्या माणसाला वाटते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. बागेत उतरणारा प्रत्येक काळा पक्षी ब्लॅकबर्ड नसतो, आणि ब्लॅकबर्डच्या माद्या व त्या वर्षीची पिल्ले तपकिरीच असतात. उन्हाळ्याच्या मध्यावर एखाद्या बागेतले सगळे ब्लॅकबर्ड मोजले, तर त्यांत काळ्यांपेक्षा तपकिरीच जास्त भरतील. म्हणून माझे सांगणे असे की, या पक्ष्याच्या बाबतीत रंग सर्वांत शेवटी पाहावा. आधी तो जमिनीवर कसा धावतो, कसा थांबतो आणि कोणता आवाज काढतो याकडे लक्ष द्यावे. तेवढे नीट पाहिले की रंगाने केवळ खात्री पटते.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. ज्या पक्ष्याविषयी हा लेख आहे, त्याचे शास्त्रीय नाव टर्डस मेरुला. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने 1758 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. हा थ्रश कुळातला पक्षी असून, मराठीत या कुळातल्या पक्ष्यांना आपण कस्तुर म्हणतो. युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाचा काही भाग हा त्याचा मूळ प्रदेश आहे, आणि स्वीडनचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतकारांनी त्याला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथेही नेऊन सोडले. सह्याद्रीतला काळा कस्तुर पूर्वी याच जातीची उपजात मानला जात असे, मात्र आता त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा देण्यात आला आहे. अमेरिकेत ज्यांना ब्लॅकबर्ड म्हणतात, ते लाल खांद्याचे वगैरे पक्षी तर पूर्णपणे वेगळ्या कुळातले आहेत. इंटरनेटवर चित्र शोधताना दोन्ही शेजारी शेजारी येतात, आणि तिथेच पुष्कळांची पहिली चूक होते.

आकाराने ब्लॅकबर्ड साधारण साळुंकीएवढा असतो, पण त्याची शेपूट साळुंकीपेक्षा ठळकपणे लांब असते. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे 24 ते 27 सेंटिमीटर आणि वजन साधारण 80 ते 120 ग्रॅम भरते. पूर्ण वाढ झालेला नर संपूर्ण काळा असतो. हा काळा रंग कोळशासारखा सरसकट असून, त्यावर ठिपका नसतो की हिरवी-जांभळी झाक नसते. या काळेपणात दोनच गोष्टी उठून दिसतात : पिवळ्या-नारिंगी रंगाची चोच आणि डोळ्याभोवतीचे बारीक पिवळे कडे. हे कडे दिसले की शंकेला जागा उरत नाही.

पहिल्या वर्षाचा नर मात्र इतका सुबक दिसत नाही. त्याची चोच पहिल्या हिवाळ्यात काळपटच असते आणि डोळ्याभोवतीचे कडेही मळकट दिसते. अंगावरची पिसे झडून नवी काळी पिसे आलेली असतात, पण पंखांतली मोठी पिसे अजून घरट्यात उगवलेलीच असतात. त्यामुळे त्याचे अंग काळे आणि पंख तपकिरी असे दोन रंग दिसतात. उन्हात तो पाठमोरा बसलेला असताना हा फरक दुर्बिणीतून अगदी स्पष्ट दिसतो, आणि या एका खुणेवरून नराचे वय बागेच्या खुर्चीत बसून सांगता येते. एखाद्या रानटी पक्ष्याचे वय त्याला हात न लावता कळावे, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

चोचीच्या रंगालाही एक अर्थ आहे. हा पिवळा-नारिंगी रंग पक्ष्याला अन्नातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून येतो, आणि हीच द्रव्ये त्याच्या शरीराला रोगाशी झुंजतानाही लागतात. नराच्या प्रतिकारशक्तीवर ताण आला, की काही आठवड्यांतच चोच फिकी पडते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्यामुळे गडद नारिंगी चोच म्हणजे नुसता शृंगार नव्हे. मादीला आणि शेजारच्या नराला त्यातून त्याच्या प्रकृतीची खबर मिळत असते.

आता मादीकडे वळू, कारण खरी फसगत तिथेच होते. मादी गडद तपकिरी असते. तिचा गळा थोडा फिका असतो आणि छातीवर पुसट, फरकाटल्यासारखे डाग असतात. चोच बहुधा मळकट तपकिरी असते, क्वचित तिच्यात पिवळेपणा असतो. पिल्ले आणखी तांबूस असून, त्यांच्या पाठीवर आणि पंखांवर फिकट रेघा दिसतात. छातीवरचे डाग पाहून मादीला साँग थ्रश समजण्याची चूक फार सामान्य आहे. अशा वेळी डागांकडे न पाहता डागांमागचा रंग पाहावा. साँग थ्रशची छाती दुधाळ, पिवळसर असते आणि तिच्यावर गडद ठिपके वेगवेगळे मोजता यावेत इतके स्पष्ट उठतात. ब्लॅकबर्डच्या मादीत डाग आणि पार्श्वभूमी दोन्ही तपकिरी असल्याने डाग शाई ओल्या कागदावर पसरावी तसे मिसळून जातात. शिवाय साँग थ्रश आकाराने लहान आणि शेपटीने आखूड असतो.

काळ्या पक्ष्यांत त्याच्याशी गल्लत होते ती मुख्यतः स्टार्लिंगची. स्टार्लिंग मैनेच्या कुळातला आहे, आणि ते त्याच्या चालीवरून लगेच कळते. तो पाऊल टाकत, डुलत चालतो, बहुधा थव्याने येतो, त्याची शेपूट आखूड असते आणि अंगावर तेलकट हिरवी-जांभळी झळाळी असते. हिवाळ्यात तर त्याचे सारे अंग पांढुरक्या ठिपक्यांनी भरून जाते. कावळा आणि जॅकडॉ हा त्याचा लहान भाऊबंद, हे दोघेही इतके मोठे आहेत की एकदा शेजारी पाहिल्यावर पुन्हा चूक होत नाही. छातीवर पांढरी चंद्रकोर असलेला रिंग उझल हा डोंगराळ भागातला भाऊबंद बागेत क्वचितच येतो. मात्र एक सावधगिरी हवी. ब्लॅकबर्डमध्ये पिसांतला रंग अंशतः नाहीसा होण्याचा प्रकार बराच आढळतो, त्यामुळे पांढऱ्या डोक्याचा किंवा पंखावर पांढरा पट्टा असलेला ब्लॅकबर्ड दिसला, तर ती कोणती दुर्मीळ जात आहे असे लगेच मानू नये. चोच, कडे आणि चाल तीच असेल, तर तो ब्लॅकबर्डच आहे. उलट अशा पक्ष्याचा पाहणाऱ्याला मोठा उपयोग होतो, कारण तो शेकडो पक्ष्यांतून ओळखता येतो आणि वर्षानुवर्षे त्याचा माग ठेवता येतो.

चालीविषयी मी सुरुवातीला जे म्हटले, ते आता जवळून पाहू. पाऊस नुकताच थांबलेला असावा आणि हिरवळ ओली असावी. ब्लॅकबर्ड झुडपाच्या सावलीतून बाहेर येतो, चार-पाच पावले झरझर धावतो किंवा टुणटुण उड्या मारतो आणि एकदम थांबतो. थांबला की अंग ताठ होते, मान एका बाजूला कलते, आणि दोन-तीन क्षण तो दगडासारखा स्थिर राहतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची जमीन बारकाईने पाहायची तर मान कलवावीच लागते. आणि त्याचा अमेरिकेतला नातलग असलेला रॉबिन थ्रश केवळ आवाजावरूनही मातीतले गांडूळ शोधू शकतो, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. मग झेप, चोचीचा एक घाव, आणि गांडुळाचे टोक पकडले जाते. त्यानंतरचे काम घाईचे नसते. झटक्याने ओढले तर गांडूळ तुटते, म्हणून तो पाय रोवून, अंग मागे झुकवून ताण धरून ठेवतो. गांडुळाच्या अंगावरचे बारीक राठ केस बिळाच्या भिंतीला घट्ट धरून असतात. त्यांची पकड सैल झाली की ते बाहेर येते. हे पाहताना दुर्बीणही लागत नाही, खिडकीआड न हलता उभे राहणे पुरते.

ही धाव-थांब-मान कलवणे अशी चाल ब्लॅकबर्डची सही आहे. तिच्या जोडीला आणखी एक लकब आहे. तो उडत येऊन फांदीवर किंवा कुंपणावर उतरला, की शेपूट चटकन वर जाते आणि मग सावकाश खाली येते. अंधूक प्रकाशात, रंग मुळीच दिसत नसताना, केवळ या शेपटीवरून पक्षी ओळखता येतो. पालापाचोळ्यात तो असेल, तर दिसण्याआधी ऐकू येतो. चोचीने आणि पायाने वाळकी पाने उधळण्याचा त्याचा खळबळाट एवढा मोठा असतो की झुडपात एखादे मांजर शिरले असावे असे वाटते.

आवाज हा या पक्ष्याच्या ओळखीतला सर्वांत समृद्ध भाग आहे. गातो तो नर. हवामान बरे असेल तर पहिल्या वर्षाचे तरुण नर जानेवारीच्या अखेरीसच हद्द मिळवण्यासाठी गाऊ लागतात, प्रौढ नर त्यानंतर सूर धरतात, आणि हे गाणे जुलैपर्यंत चालते. घराच्या आढ्यावर, अँटेनावर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून तो पहाटे, उजाडण्याच्या बराच आधी सुरुवात करतो, आणि संध्याकाळी पुन्हा गातो. पावसाची सर ओसरल्यावरही तो हमखास ऐकू येतो. त्याचा सूर खालच्या पट्टीतला, बासरीसारखा भरदार आणि संथ असतो. एक छोटी ओळ घेतो, मग थांबतो, मग दुसरी ओळ घेतो. ओळीचा आरंभ गोड आणि शेवट मात्र चिरका, काहीसा घाईने गुंडाळल्यासारखा असतो. हा चिरका शेवट लक्षात ठेवावा. साँग थ्रशही सुरेल गातो, पण तो प्रत्येक तुकडा लागोपाठ दोन-चार वेळा म्हणतो. ब्लॅकबर्ड ओळ लगेच पुन्हा म्हणत नाही. एवढ्या एका फरकावर डोळे मिटूनही दोघे वेगळे करता येतात.

गाण्याखेरीज त्याच्या इशाऱ्याच्या हाका आहेत, आणि माझ्या मते त्या गाण्याइतक्याच मोलाच्या आहेत. मांजर किंवा कोल्हा जमिनीवरून येत असेल, तर तो ‘पुक, पुक’ असा दबका आवाज पुनःपुन्हा काढतो. आकाशात ससाणा दिसला, तर अतिशय बारीक, लांबलेली ‘सीऽऽ’ अशी शीळ येते. ती कोठून आली हे कळणे कठीण असते, आणि नेमके तेच पक्ष्याच्या हिताचे आहे, कारण शिकारी पक्ष्यालाही हाकेचा पत्ता सहज लागत नाही. अगदी जवळ जाऊन त्याला दचकवले, तर तो खडखडाट करत, जणू भांडी कोसळावीत तसा ओरडत, जमिनीलगत उडून जातो. संध्याकाळी झोपायला जाण्यापूर्वी ‘चिंक, चिंक, चिंक’ असा धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज बराच वेळ चालतो. या चार हाका ऐकून ओळखता येऊ लागल्या, की बागेत काय चालले आहे ते घरात बसून कळते. ‘पुक’ ऐकून खिडकीबाहेर पाहावे आणि कुंपणाखाली शेजारचे मांजर दिसावे, हा अनुभव कोणालाही घेता येण्यासारखा आहे.

विणीच्या हंगामात पाहण्यासारखे पुष्कळ असते, पण तिथेच संयमही सर्वाधिक लागतो. जोडी आपली हद्द ठरवून घेते. हद्दीवर दोन नर समोरासमोर येतात, माना ताणून धावतात, कधी हवेत उडून भिडतात. याच दिवसांत एखादा नर खिडकीच्या काचेवर वारंवार चोच मारताना दिसतो. काचेतले स्वतःचे प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटते. काचेवर बाहेरून कागद किंवा कापड लावून प्रतिबिंब नाहीसे केले की तो त्रास थांबतो.

घरटे मादी बांधते. दाट झुडूप, कुंपण किंवा आयव्हीची वेल अशा ठिकाणी, बहुधा माणसाच्या उंचीच्या आसपास, गवत आणि काटक्यांची वाटी तयार होते. तिला आतून चिखलाचा लेप दिला जातो आणि त्यावर बारीक गवताचे अस्तर येते. मार्चच्या सुमारास चोचीत ओला चिखल घेऊन एकाच दिशेने वारंवार जाणारी मादी दिसली, तर घरटे तिकडेच आहे. बहुतेक वेळा 3 ते 5 निळसर-हिरवी अंडी असतात आणि त्यांवर तांबूस तपकिरी शिंतोडे असतात. मादी सुमारे 2 आठवडे ती उबवते, आणि पिल्ले पुढे जवळपास तितकेच दिवस घरट्यात राहतात. नंतर एक गोष्ट अशी घडते की ती ठाऊक नसल्याने दरवर्षी असंख्य पिल्लांचे नुकसान होते. पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात. आखूड शेपटीचे, अंगावर विस्कटलेली पिसे असलेले असे पिल्लू झुडपाखाली एकटे बसलेले दिसते, आणि दयाळू माणूस त्याला अनाथ समजून घरात नेतो. ते अनाथ नसते. आई-बाप चारा आणायला गेलेले असतात आणि माणूस दूर झाला की ते परत येतात. पिल्लू रस्त्यावर किंवा मांजराच्या वाटेत असेल तरच उचलून जवळच्या झुडपात ठेवावे, एरवी त्याला हात लावू नये.

पिल्ले बाहेर पडल्यावरही सुमारे 3 आठवडे त्यांना भरवावे लागते. या काळात बऱ्याचदा नर पिल्ले सांभाळतो आणि मादी पुढच्या वेताच्या तयारीला लागते. एका हंगामात दोन, कधी तीन वेती होतात. ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार वापरात असलेले घरटे मोडणे हा गुन्हा आहे, आणि कायदा नसला तरी मार्च ते ऑगस्ट या काळात कुंपण छाटू नये. घरट्यात डोकावण्याचा मोह आवरावा. माणूस जिथे वारंवार जातो, ती जागा मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातला पक्षी आणि मांजर दोघेही हेरून ठेवतात.

जुलै-ऑगस्टमध्ये गाणे थांबते आणि पक्षी जणू बाग सोडून गेले असे वाटते. ते गेलेले नसतात. त्यांची पिसे झडून नवी येत असतात आणि उडण्याची ताकद कमी झाल्याने ते झुडपांत लपून राहतात. या दिवसांत एखाद्याचे डोके जवळजवळ टक्कल पडल्यासारखे दिसते. कडक उन्हात हिरवळीवर पंख पसरून, चोच उघडी ठेवून निपचित पडलेला ब्लॅकबर्ड दिसला, तरी घाबरू नये. तो ऊन घेत असतो, आणि चाहूल लागताच उठून चालू लागतो.

शरद ऋतूत त्याचा आहार गांडुळांकडून फळांकडे वळतो. बोरवर्गीय झुडपे आणि झाडाखाली पडलेली सफरचंदे त्याला फार आवडतात. हिवाळ्यात ब्रिटनमधल्या बागांत स्कँडिनेव्हिया आणि जर्मनीकडून आलेले ब्लॅकबर्डही मिसळतात, त्यामुळे जानेवारीत सफरचंदावर भांडणारे चार नर हे सगळे त्याच बागेचे रहिवासी असतील असे नाही. त्यांना काही द्यायचे असेल तर कापलेले सफरचंद किंवा भिजवलेले मनुके जमिनीवर, झुडपापासून थोड्या अंतरावर मोकळ्या जागी ठेवावेत. कुत्रा असलेल्या घरी मात्र मनुके ठेवू नयेत, ते कुत्र्याला विषारी असतात. पाव आणि खारट पदार्थ टाळावेत, आणि पाण्याची उथळ थाळी रोज धुवावी.

हा पक्षी मुळात रानातला. युरोपातल्या शहरांत तो एकोणिसाव्या शतकात हळूहळू येऊन राहिला, आणि त्याबरोबर त्याचे वागणेही बदलले. शहरातले ब्लॅकबर्ड रानातल्यांपेक्षा कमी स्थलांतर करतात आणि त्यांची वीण लवकर सुरू होते. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे ते पहाटे लवकर गाऊ लागतात, आणि गोंगाटात त्यांचा सूर थोडा वर चढतो. पण या शतकात त्यांच्यावर एक नवे संकट आले आहे. डासांमार्फत पसरणाऱ्या उसुतू विषाणूने 2001 मध्ये व्हिएन्नाच्या परिसरात असंख्य ब्लॅकबर्ड मेले, 2011-12 मध्ये नैर्ऋत्य जर्मनीत तेच घडले, आणि 2020 मध्ये हा विषाणू लंडनमधल्या ब्लॅकबर्डमध्ये सापडला. त्यामुळे बागेतल्या साध्या नोंदींना आज खरे मोल आले आहे.

अशा नोंदी ठेवण्यासाठी फारसे काही लागत नाही. एक वही घ्यावी, बागेचा ढोबळ आराखडा काढावा, आणि नर ज्या ज्या जागी बसून गातो त्या तारखेसह टिपाव्यात. दोन-तीन आठवड्यांत त्या खुणा जोडल्या की त्याची हद्द कागदावर उमटते. वर्षातले पहिले गाणे कधी ऐकले, चिखल नेणारी मादी कधी दिसली, किती पिल्ले बाहेर आली आणि गाणे केव्हा थांबले, या चार नोंदी दरवर्षी लिहाव्यात. एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेले धातूचे कडे दिसले तर तेही टिपावे, आणि असा पक्षी मेलेला आढळला तर कड्यावरचा क्रमांक व पत्ता वाचून तिथे कळवावे. बहुतेक ब्लॅकबर्ड जेमतेम 2-3 वर्षे जगतात, पण 21 वर्षांहून अधिक जगलेल्या एका ब्लॅकबर्डची नोंद आहे, आणि ती कळली ती अशाच एका कड्यामुळे.